ऑक्टोबरच्या त्या रात्रीही मुलाला सांगा

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"मी मूळचा नाशिकचा असून गेली सोळा वर्षे लॉस एंजेलिसजवळ टॉरन्स येथे नोकरीनिमित्त राहतो. आलो तेव्हा मला बेसबॉलमधले काहीही कळत नव्हते. ऑफिसमधल्या सहकाऱ्यांबरोबर डॉजर स्टेडियमवर गेलो, डॉजर्स संघाच्या क्लेटन कर्शॉला चेंडू टाकताना पाहिले आणि त्याच्यामुळे हा खेळ शिकलो. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. तोही डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आहे आणि त्याच्या पाठीवरही २२ हाच आकडा आहे. १९ सप्टेंबर २०२५ रोजी, निवृत्त होण्याआधी, कर्शॉ घरच्या मैदानावर साखळी फेरीतला शेवटचा सामना खेळला, त्याला आम्ही दोघे गेलो होतो. तो मैदान सोडताना मला रडू आवरले नाही. परतताना गाडीत मुलगा म्हणाला, 'बाबा, हा ऑक्टोबरमध्ये कच खातो असे तुम्हीच म्हणायचात ना? मग आता का रडता?' ऑक्टोबर म्हणजे प्लेऑफचे, विजेतेपदासाठीच्या बाद फेरीचे दिवस. २०१९ च्या प्लेऑफमध्ये डॉजर्स हरले त्या रात्री मी टीव्हीसमोर कर्शॉला वाट्टेल ते बोललो होतो आणि माझी डॉजर्सची निळी टोपी कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता, पण त्याला सगळे आठवते. पुढे त्याच वर्षीच्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, तिसऱ्या सामन्याच्या बाराव्या इनिंगमध्ये (नऊ इनिंगनंतरही बरोबरी असल्याने सामना लांबला होता) कर्शॉ आला, तेव्हा माझ्या तोंडून 'आता गेला सामना' असे निघून गेले. कर्शॉने त्या फलंदाजाला बाद केले. मुलाने माझ्याकडे एकदा पाहिले आणि तो उठून गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बेसबॉलविषयी बोलत नाही. मध्यंतरी त्याच्या स्वतःच्या सामन्यात त्याच्या चेंडूंवर बऱ्याच धावा निघाल्या, तेव्हा 'मीही ऑक्टोबरमधला कर्शॉच' असे तो आईला म्हणाला. पत्नीच्या मते एका खेळाडूच्या निवृत्तीचा आम्ही उगाच बाऊ करत आहोत. ज्या माणसाला मी इतके बोललो, त्याच्या जाण्याचे दुःख करण्याचा मला हक्क आहे का? कर्शॉला पत्र लिहून माफी मागावी का? आणि मुलाला काय सांगू?"

प्रिय वाचक,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यासाठी मला फार विचार करावा लागला नाही. दुःख करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नव्या देशात गेलेला माणूस तिथले काही ना काही आपले मानू लागतो, आणि तुम्ही ज्याला आपला मानलेत तो पिचर त्या शहरात तुमच्या एकच वर्ष आधी उभा राहिला होता. २५ मे २००८ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने डॉजर्सकडून पहिला सामना खेळला आणि पुढचे अठरा हंगाम त्याने दुसऱ्या कोणत्याही संघाचा शर्ट अंगावर घातला नाही. मोठे खेळाडू ऐन भरात असताना संघ बदलतात अशा काळात ही गोष्ट सामान्य नाही. ३००० फलंदाजांना स्ट्राइकआउट करण्याचा, म्हणजे फटका लागू न देता बाद करण्याचा, टप्पा त्याने २ जुलै २०२५ रोजी गाठला. तो गाठणारे पिचर बेसबॉलच्या इतिहासात वीसच आहेत आणि त्यांतले संपूर्ण कारकीर्द एकाच संघात घालवणारे तर कर्शॉ धरून तिघेच. तुमची पहिली नोकरी, मुलाचा जन्म, त्याची शाळा हे सगळे घडत असताना उन्हाळ्यात दर पाचव्या दिवशी हा माणूस तिथे होता. तो यापुढे असणार नाही याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे आणि त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

ज्याला आधी बोल लावले त्याच्याच निरोपाला रडणारे तुम्ही काही पहिले नाहीत. फिलाडेल्फियाच्या माइक श्मिटचे उदाहरण तुमच्या मुलालाही आवडेल. अठरा हंगामांत ५४८ होम रन, म्हणजे मैदानाबाहेर जाणारे फटके, मारणाऱ्या या खेळाडूची त्याच्याच शहरातले प्रेक्षक वर्षानुवर्षे हुर्यो उडवत असत. १९८५ मध्ये तो वैतागून त्यांच्याविषयी वर्तमानपत्रात कडवट बोलला, आणि त्यानंतर घरच्या मैदानावर परतला तो चक्क केसांचा टोप आणि काळा चष्मा घालून. तेच प्रेक्षक हसत उभे राहिले आणि त्यांनी त्याला टाळ्या दिल्या. मे १९८९ मध्ये तो हंगामाच्या मध्येच निवृत्त झाला. निर्णय सांगताना तो इतका रडला की त्याला बोलणे पुरे करता येईना. त्यानंतर जे घडले ते मला या सगळ्या इतिहासात विशेष वाटते. ऑल-स्टार, म्हणजे निवडक नामवंत खेळाडूंच्या, सामन्यासाठी प्रेक्षक मतदान करतात, आणि त्या वर्षी त्यांनी निवृत्त झालेल्या श्मिटलाच आपल्या संघात निवडून दिले. तो सामना तुमच्या घरापासून फार लांब नसलेल्या अनाहाइममध्ये झाला. श्मिट गणवेश घालून मैदानावर आला, टोपी उंचावली आणि न खेळता परत गेला.

आपल्याकडेही याहून वेगळे घडलेले नाही. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर सचिनचे भाषण ऐकताना सगळे मैदान रडत होते. त्याच वानखेडेवर मार्च २००६ मध्ये, इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत, एक धाव काढून परतणाऱ्या सचिनची काही प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. त्या दोन दिवसांची गर्दी पूर्णपणे वेगळी असेल असे मी मानत नाही. दोन्ही दिवशी आलेली माणसे तिथे असणारच, आणि निरोपाच्या दिवशीचे त्यांचे रडणे खोटे होते असे म्हणण्याचे धाडस माझ्याच्याने होणार नाही. आपण ज्याच्यावर आशा ठेवतो त्याच्यावरच चिडतो. तेव्हा तुमच्या रागामुळे तुमचे प्रेम खोटे ठरत नाही. या बाबतीत मन स्वच्छ ठेवा.

मात्र तुमचे पत्र मी पुन्हा वाचले तेव्हा एका वाक्यापाशी थांबले. ते तुम्ही मधेच, जाता जाता लिहिले आहे आणि लगेच पत्नीच्या मताकडे वळला आहात. स्वतःच्या सामन्यात धावा दिल्यावर मुलगा म्हणाला, "मीही ऑक्टोबरमधला कर्शॉच." माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि हे वाक्य तो तुम्हाला न म्हणता आईला म्हणाला, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

तुमच्या मुलाने आठव्या वर्षी काय पाहिले त्याचा विचार करा. त्याचे वडील ज्याच्यावर सर्वांत जास्त प्रेम करतात, जो त्याच्यासारखाच डावखुरा आहे, असा माणूस एका रात्री चुकला आणि वडिलांनी त्याच्या संघाची टोपी कचऱ्यात टाकली. नंतर हा मुलगा स्वतः पिचर झाला आणि त्याने तोच आकडा पाठीवर घेतला. तुम्ही ऑक्टोबरमधल्या कर्शॉविषयी जेव्हा जेव्हा बोललात, तेव्हा तेव्हा आपण चुकलो तर बाबा आपल्याविषयी काय म्हणतील, हे तो मनात नोंदवत गेला असणार. बेसबॉलमध्ये पिचरचे अपयश लपत नाही. तो मैदानाच्या मध्यभागी, उंचवट्यावर, एकटा उभा असतो आणि त्याने टाकलेल्या चेंडूचे काय झाले हे सगळ्यांना एकाच क्षणी दिसते. चौदा वर्षांच्या मुलाला त्या जागी उभे राहताना पाठीमागे वडिलांचे कोणते शब्द आहेत हे फार नीट माहीत असते. म्हणून गाडीत त्याने विचारलेला प्रश्न कर्शॉपुरता आहे असे समजू नका. बाबांच्या डोळ्यांतले पाणी खरे की २०१९ चे शब्द खरे, आणि त्यांतले आपल्या वाट्याला काय येणार, असे तो विचारत होता. तुमच्याकडून त्या वेळी उत्तर गेले नाही. वर्ल्ड सीरिजच्या त्या रात्री, तुमच्या नकळत, एक उत्तर गेले.

आता मुलाला काय सांगायचे याकडे येते. माझा सल्ला असा की, त्याला कर्शॉचे सगळे ऑक्टोबर सांगा, आणि तेही खरे सांगा. "हा ऑक्टोबरमध्ये कच खातो" हे तुमचे वाक्य अर्धवट माहितीवर उभे आहे. तुमच्या मुलाला पिचिंग कळते, तेव्हा त्याच्याशी सविस्तर बोलता येईल.

आकडे आधी पाहू, कारण तेच तुमच्या रागाचे मूळ आहेत. साखळी फेरीत कर्शॉने २२३ सामने जिंकले, ९६ गमावले आणि दर नऊ इनिंगमागे सरासरी २.५३ धावा दिल्या. १९२० नंतरच्या काळात त्याच्याइतकी दीर्घ कारकीर्द केलेल्या सामन्याची सुरुवात करणाऱ्या कोणत्याही पिचरची सरासरी इतकी कमी नाही. प्लेऑफमध्ये मात्र हीच सरासरी साडेचारच्या वर जाते. हा फरक खरा आहे, मोठा आहे, आणि तो मुलापासून लपवण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो या फरकाला "घाबरतो" हे एकच कारण चिकटवण्याचा.

२०१४ मध्ये त्याने सेंट लुइसविरुद्ध तीनच दिवसांच्या विश्रांतीनंतर चेंडू टाकले. सहा इनिंग त्याने जवळजवळ अभेद्य टाकल्या, आणि सातव्यात, दमलेल्या हाताने टाकलेल्या एका कर्व्हबॉलवर (वळणाऱ्या चेंडूवर) मॅट ॲडम्सने तीन धावांचा होम रन मारला. पिचरला साधारणपणे चार दिवसांची विश्रांती मिळते, पण त्या वर्षांत डॉजर्सकडे त्याच्याइतका विश्वासाचा दुसरा माणूस नसल्यामुळे त्याला वारंवार लवकर बोलावले गेले आणि वारंवार जास्त वेळ ठेवले गेले. २०१६ मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध ११ ऑक्टोबरला त्याने ११० चेंडू टाकले. दोनच दिवसांनी, मालिकेच्या निर्णायक पाचव्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये एका धावेची आघाडी आणि प्रतिस्पर्ध्यांचे दोन खेळाडू बेसवर, म्हणजे धाव पुरी करण्याच्या वाटेवरच्या टप्प्यांवर, असताना तो पुन्हा आला आणि उरलेले दोन्ही फलंदाज बाद करून त्याने सामना संपवला. ज्याला मोठ्या क्षणाची भीती वाटते तो माणूस थकलेला हात घेऊन स्वतःहून अशा जागी जात नाही. तुमचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता, त्यामुळे त्याने हे पाहिलेलेच नसेल. तुम्ही बहुधा पाहिले असेल, पण २०१९ च्या रात्री ते तुम्हाला आठवले नाही.

२०१७ ची वर्ल्ड सीरिज तर याहून गुंतागुंतीची आहे. पहिल्या सामन्यात, घरच्या मैदानावर, कर्शॉने ह्यूस्टनच्या अकरा फलंदाजांना स्ट्राइकआउट केले आणि सात इनिंगमध्ये एकच धाव दिली. पाचव्या सामन्यात, ह्यूस्टनच्या मैदानावर, त्याच फलंदाजांसमोर त्याची चार धावांची आघाडी गेली आणि शेवटी डॉजर्स १३-१२ असे हरले. त्या हंगामात ह्यूस्टनचा संघ आपल्या मैदानावर कॅमेऱ्यातून विरोधी कॅचरच्या, म्हणजे पिचरला चेंडू सुचवणाऱ्या खेळाडूच्या, खुणा पाहत असे आणि कचऱ्याच्या डब्यावर ठोके देऊन पुढचा चेंडू कोणता येणार हे आपल्या फलंदाजाला कळवत असे. हे दोन वर्षांनी बाहेर आले आणि जानेवारी २०२० मध्ये चौकशीअंती सिद्ध झाले. त्या एका रात्री नेमका किती फरक पडला हे सांगता येत नाही. पण त्या पराभवावरून कर्शॉच्या मनोधैर्याविषयी ठाम मत बनवलेल्या लाखो लोकांपैकी किती जणांनी नंतर ते मत तपासून पाहिले असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

मग तुमची ती रात्र, ९ ऑक्टोबर २०१९. साखळी फेरीत १०६ सामने जिंकलेला डॉजर्सचा संघ आणि वॉशिंग्टन यांच्यातला निर्णायक सामना. सातव्या इनिंगमध्ये कर्शॉ आला, त्याने एक फलंदाज बाद केला आणि धोका टाळला. आठव्यात त्याला पुन्हा पाठवले गेले, आणि वॉशिंग्टनच्या रेंडन व सोटो यांनी लागोपाठच्या दोन चेंडूंवर होम रन मारून बरोबरी केली. इथे सबबी शोधू नका. ते दोन चेंडू वाईट पडले होते आणि त्याची किंमत संघाने मोजली. सामन्यानंतर कर्शॉने स्वतः कोणालाही दोष दिला नाही. प्लेऑफमधल्या त्याच्या कामगिरीविषयी लोक जे म्हणतात ते खरेच आहे, असे तो पत्रकारांसमोर म्हणाला. इतके बोलून तो घरी गेला आणि पुढच्या वर्षी परत आला. २०२० मध्ये वर्ल्ड सीरिजचे दोन सामने त्याने जिंकले आणि डॉजर्सना १९८८ नंतरचे पहिले विजेतेपद मिळाले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ॲरिझोनाविरुद्ध त्याने एकच फलंदाज बाद करून सहा धावा दिल्या, तेव्हा त्याचा खांदा दुखावलेला होता. पुढच्याच महिन्यात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरही तो दोन हंगाम राहिला. मुलाला यांतला कोणताही भाग गाळून सांगू नका. चांगले तेवढेच सांगितलेत, तर आता हे आपली समजूत घालत आहेत हे तो ओळखेल.

आणि २७ ऑक्टोबर २०२५. त्या बाराव्या इनिंगमध्ये सामना ५-५ असा बरोबरीत होता, तिन्ही बेस भरलेले होते आणि दोन गडी बाद झाले होते. तेव्हा सदतीस वर्षांचा कर्शॉ बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर तयारी करतात त्या जागेतून, धावत आला. त्या क्षणी तुमच्या तोंडून जे निघाले तेच हजारो घरांमध्ये निघाले असेल, हे मला मान्य आहे. त्याने टोरांटोच्या नेथन लुक्सला आठ चेंडू टाकले. तीन बॉल (चुकीच्या जागी पडलेले चेंडू) आणि दोन स्ट्राइक अशी अवस्था झाली, एक चेंडू इकडेतिकडे गेला असता तर धाव गेली असती, आणि शेवटी जमिनीलगत गेलेल्या फटक्यावर लुक्स बाद झाला. अठराव्या इनिंगमध्ये फ्रेडी फ्रीमनने होम रन मारून सामना संपवला आणि सातव्या सामन्यानंतर डॉजर्स विजेते ठरले. एक फलंदाज बाद करण्याइतकेच काम कर्शॉच्या वाट्याला आले होते. तुमच्या मुलाने त्या रात्री तुमचे वाक्य ऐकले आणि लगेच ते खोटे ठरलेलेही पाहिले. त्याचे उठून जाणे मला उद्धटपणाचे वाटत नाही. त्याला बहुधा आनंद झाला होता आणि तो तुमच्यासमोर कसा दाखवावा हे त्याला कळत नव्हते.

हे सगळे कसे बोलायचे, याविषयीही थोडे सांगते, कारण चौदा वर्षांच्या मुलाला समोर बसवून "मला तुझ्याशी बोलायचे आहे" असे म्हटले की तो ऐकण्याआधीच मिटतो. सरावाला जाताना गाडीत बोला, म्हणजे दोघांनाही रस्त्याकडे पाहता येईल. सुरुवात तुमच्या वाक्यांपासून करा, कर्शॉच्या कारकिर्दीपासून नको. "२०१९ मध्ये मी जे बोललो ते चुकीचे होते, आणि त्या रात्री 'गेला सामना' म्हणालो तेही चुकीचे होते. तू मला विचारलेस तेव्हा मी उत्तर द्यायला हवे होते." एवढे पुरे आहे. त्यापुढे आपण किती थकलो होतो, आपले संघावर किती प्रेम आहे, हे सांगत बसू नका. तुम्हाला बरे वाटावे अशी जबाबदारी त्याच्यावर पडता कामा नये. तो काहीच बोलला नाही, तर त्याला बोलू नये असे वाटते आहे इतकेच समजा आणि विषय त्या दिवसापुरता सोडा.

नंतर एखाद्या निवांत दिवशी २०१६ ची नववी इनिंग आणि २०१९ ची आठवी इनिंग त्याच्याबरोबर संपूर्ण पाहा. निवडक क्षण जोडून केलेल्या छोट्या चित्रफिती पाहू नका, कारण त्यांत चेंडूंमधला वेळ नसतो आणि पिचरचे खरे काम त्या वेळात चाललेले असते. पाहताना तुम्ही समजावू नका, त्याला विचारा. रेंडनला टाकलेला चेंडू कुठे पडायला हवा होता? सोटोला तू पहिला चेंडू कोणता टाकला असतास? तुम्हाला हा खेळ कर्शॉने शिकवला असे तुम्ही लिहिता. त्याच्या पुढचे तुमचा मुलगा तुम्हाला शिकवू शकेल, आणि अपयशाकडे कारागिराच्या नजरेने पाहण्याची सवय त्याला त्यातून लागेल. चेंडू कुठे चुकला हे कळले की तो सुधारता येतो. "मी असाच आहे" अशा समजुतीवर मात्र सरावाने इलाज करता येत नाही.

त्याच्या स्वतःच्या सामन्यांनंतर काही दिवस त्याच्या कामगिरीविषयी काहीही विचारू नका. जेवायला काय हवे ते विचारा. कर्शॉचे नाव त्याच्या खेळाला माप म्हणून वापरू नका, कौतुक करतानाही वापरू नका. पाठीवरचा २२ आकडा ठेवायचा की बदलायचा हे त्याचे त्याला ठरवू द्या. तो खेळायलाच नको म्हणू लागला, झोप किंवा जेवण बिघडले, किंवा "मी असाच" हा सूर अभ्यासातही ऐकू येऊ लागला, तर त्याच्या प्रशिक्षकांशी आणि शाळेतल्या समुपदेशकांशी वेळ न घालवता बोला. सध्या तुमच्या पत्रावरून मला तसे वाटत नाही.

तुमच्या पत्नीविषयी एकच सांगते. त्यांना हा बाऊ वाटतो, कारण त्यांच्यासमोर प्रश्न एका खेळाडूच्या निवृत्तीचा म्हणून मांडला गेला आहे. मुलाने आपले ते वाक्य विश्वासाने त्यांनाच सांगितले, तेव्हा या गोष्टीत त्या तुमच्यापेक्षा त्याच्या जवळ आहेत. गाडीत काय बोलणार आहात ते त्यांना आधी सांगा आणि त्यांना काय वाटते तेही ऐका.

राहिला कर्शॉला लिहायच्या पत्राचा प्रश्न. चुकलेल्या खेळाडूला लोकांनी पुन्हा जवळ केल्याची उदाहरणे आहेत. १९८६ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये बॉस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून चेंडू गेला आणि त्या एका चुकीचा दोष त्याला वर्षानुवर्षे, घर दूर आयडाहोला हलवल्यानंतरही, सोसावा लागला. एप्रिल २००८ मध्ये बॉस्टनने त्याला घरच्या मैदानावरच्या हंगामातल्या पहिल्या सामन्यात मानाचा पहिला चेंडू टाकायला बोलावले, तेव्हा सगळे मैदान उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि तो डोळे पुसत होता. हाच बकनर तरुणपणी डॉजर्सकडून खेळला होता, हे तुमच्या मुलाला कदाचित माहीत नसेल. पण बकनरला बावीस वर्षे वाट पाहावी लागली. कर्शॉवर ती वेळ आली नाही. १९ सप्टेंबरला राफाएल डेव्हर्सला बाद करून तो निघाला तेव्हा प्रतिस्पर्धी सॅन फ्रान्सिस्कोचे खेळाडूही टाळ्या वाजवत होते, आणि त्या टाळ्यांमध्ये तुम्हीही होतात. त्याला तुमच्या माफीची गरज आहे असे मला वाटत नाही. तरीही लिहावेसे वाटत असेल, तर मुलाशी बोलणे झाल्यावर लिहा, त्याआधी नको, आणि ते पत्र आभाराचे असू द्या. त्यात तुम्ही पाहिलेल्या एखाद्या साध्या, कोणाच्या लक्षात नसलेल्या सामन्याविषयी लिहा, कारण गाजलेल्या रात्रींविषयी त्याला हजारो पत्रे आली असतील. मुलगा तयार असला तर त्यालाही दोन ओळी लिहू द्या, आणि २०१९ चा उल्लेख करायचा की नाही हे त्यालाच विचारा.